सोनकीशेठ

वाशीच्या एपीएमसीत कोणालाही 'शेठ' म्हणायला पैसे पडत नाहीत. कांदा-बटाटा मार्केटातल्या या गाळेवाल्याला मात्र सगळे 'सोनकीशेठ' म्हणतात, आणि त्यात थोडी थट्टा असते, थोडी धास्ती. यांच्यासमोर पिवळ्या फुलाचा विषय काढला की माणसाची अर्धी सकाळ गेलीच.

धंद्यात त्यांचा निकाल झटपट. गोणीचं तोंड सोडायचं, मूठभर कांदे हातावर घ्यायचे, मान दाबायची, पत्ती बघायची. माल किती टिकेल, बारीक गोल्टी किती निघेल, सगळं सांगून मोकळे. समोरचा घासाघीस करायला तोंड उघडतो तोवर मालाची वक्कल विकली गेलेली असते. हाच माणूस रविवारी घाटमाथ्यावर एका वीतभर रोपापुढे उकिडवा बसला की दुपार टळते, पण नाव काही ठरत नाही.

सोनकी कोणाला माहीत नाही? पाऊस ओसरू लागला की सह्याद्रीची पठारं पिवळीधमक होतात. लोक त्यात उभं राहून फोटो काढतात आणि भजी खायला पळतात. शेठना याचा राग येतो. "सोनकी हे आडनाव झालं हो. नाव काय?" असं ते विचारतात, आणि मग एकेक भाऊबंद मोजायला लागतात: सेनेशिओ बॉम्बेयेन्सिस, एजवर्थाय, डाल्झेलाय, गिब्सनाय, बेळगावेन्सिस. शेजारचा गाळेवाला तोवर चहा सांगायच्या निमित्ताने सटकलेला असतो.

पहिल्या नावावर त्यांचा विशेष जीव. पूर्वी ही सोनकी जॉन ग्रॅहॅमच्या नावाने ओळखली जायची, पुढे ती मुंबईची झाली. "नाव मुंबईचं, बहर घाटावर. आपल्यासारखंच. पाटीवर मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती, आणि बसलोय खाडीपलीकडे!" हा विनोद ते दर पावसाळ्यात करतात. माथाडी न ऐकताच हसतात.

"कांदेवाल्याने वनस्पतिशास्त्रात कशाला पडावं?" असं एका हिशेबनीसाने एकदा विचारलं. त्याचं उत्तर तयारच होतं. 1839 मध्ये छापलेली मुंबई आणि आसपासच्या झाडांची यादी करणारा ग्रॅहॅम पोस्टात होता. 1861 मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' काढणाऱ्या जोडीतला डाल्झेल आधी कस्टममध्ये, दुसरा गिब्सन पेशाने डॉक्टर. "ते पोस्ट-कस्टम सांभाळून करत होते, मी कांदा सांभाळून करतो." हिशेबनीस म्हणाला, "मग कांदा सांभाळा." हे उत्तर मला तरी बिनतोड वाटलं.

परवा ओतूरकडचा एक ट्रक माळशेज उतरून आला. ड्रायव्हरने घाटात चहाला थांबून पिवळ्या फुलांचा झुबका खुडून काचेपाशी खोचला होता. शेठ मालाकडे न जाता सरळ केबिनकडे गेले.

"हे काय आणलंस?"

"सोनकी हाय की, शेट."

"कुठली?"

"पिवळी."

शेठनी भिंग काढलं. हे भिंग म्हणजे सोनाराकडचं, दोरा बांधून गळ्यात अडकवलेलं. फूल त्यांनी उलटं धरलं. फुलाचं तोंड कोणीही बघतो, खरी ओळख पोटाकडून. खालची हिरवी पानुलं एकाच रांगेत, सारख्या उंचीची, बुडाशी दोन-चार बारकी. "रांगा एकावर एक असत्या तर हा सेनेशिओच नव्हता," असं सांगून त्यांनी कडेची एक पाकळी उपटली. ती पाकळी नव्हेच, ते एक अख्खं फूल, आणि मधला पिवळा गोंडा म्हणजे अशीच नळीसारखी फुलं दाटीने बसलेली. ड्रायव्हरला आपण एका खुडीत शेकडो फुलं तोडली हे कळल्यावर तो जरा ओशाळला. मग पानाची मागची बाजू. पांढरी, कापसासारखी लव असती तर एजवर्थायकडे बोट दाखवता आलं असतं. लव नव्हती. ड्रायव्हरला वाटलं, सुटलो.

"बुडाची पानं कुठायत? आणि पिकलेलं बी?"

"घाटात ऱ्हायलं."

"मग नाव कसं सांगू?"

एव्हाना मागे तीन गिऱ्हाइकं, एक दलाल आणि पाठीवर गोणी घेतलेला माथाडी खोळंबले होते. माथाडीने ओझं खाली टाकलं ते थेट गटाराच्या काठी, तसे शेठ ओरडले. तिथे भिंतीच्या फटीत जांभळ्या गोंड्याची सदामंडी उगवली होती, तीही सोनकीच्याच गोतावळ्यातली. झाडूवाल्यांना तिच्याबद्दल आधीच ताकीद आहे. गोणी उचलावी लागली. दलाल तेवढ्यात शेजारच्या गाळ्यावर सौदा करून आला.

झुबका मात्र जुन्या पावतीबुकात दाबला गेला. वर चिठ्ठी: माळशेज, सेनेशिओ, जात अनिश्चित. त्या पावतीबुकांची चळत आता वजनकाट्याच्या उंचीची झाली आहे आणि त्यात निश्चित जाती फार थोड्या. कांद्याला भाव देताना न कचरणारा हात इथे 'अनिश्चित' लिहिताना जरा खुशीत असतो, असं मला दिसतं.

पुढच्या खेपेला ड्रायव्हरने मुळासकट, मातीच्या ढेकळासकट रोप आणलं, बुडाच्या पानांनिशी. "घ्या शेट, आता नाव सांगा आन् गाडी खाली करा."

शेठनी भिंग लावलं, पानं मोजली, फूल उलटं केलं, नखाने मधला गोंडा फोडला. सगळा गाळा थांबला.

"बी कच्चं आहे रे. पंधरा दिवसांनी ये."