सात द्यायचे होते, पण...

पुस्तक वाचून झालं की माणसं ते परत करतात. उसनं आणलेलं असेल तर ठेवून घेतात. साडेसहा सर त्याला मार्क देतात. तुमच्याही कट्ट्यावर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक साडेसहा सर असणारच; १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात तर त्यांच्या पिढ्या होऊन गेल्या असतील. आमचे सर मराठीचे निवृत्त शिक्षक. दहावीचे पेपर तपासता तपासता नियामक झाले, मग निवृत्तही झाले, पण लाल पेन काही हातातून सुटलं नाही. विमा एजंटाने दिलेल्या डायरीत त्यांनी रकाने आखलेत : पुस्तक, पानं, किंमत, मार्क, शेरा. मार्कांचा रकाना आखला नसता तरी चाललं असतं. तिथे वरपासून खालपर्यंत साडेसहाच आहेत.

“सात द्यायचे होते हो,” सर कळवळून सांगतात, “पण अर्धा कापावा लागला.”

‘कोसला’चा अर्धा कापला, कारण बापाचे पैसे पुण्यात उडवून पोरगा हात हलवत गावी परत. ‘पानिपत’चा कापला, कारण शेवट आधीपासून माहीत होता. ‘ययाति’ला १९७४चं ज्ञानपीठ मिळालंय, याची मी आठवण करून दिली. “असेल. दोन परीक्षकांत फरक पडायचाच,” सर म्हणाले, “म्हणून तर नियामक लागतो.” ‘श्यामची आई’ तरी सुटेल असं वाटलं होतं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाचेक दिवसांत लिहून काढलं, हे मी भाबडेपणाने बोलून गेलो. सरांचे डोळे चमकले. “पाच दिवसांत? मग पुन्हा तपासून बघितलं कधी?” गेला अर्धा.

घरीही हेच. काकू म्हणतात, लग्नाला एवढी वर्षं झाली, माझी आमटी अजून सातवर गेली नाही.

ग्रुपवर सरांना कोणी फारसं विचारत नाही, कारण बाकीचे सगळे उदार. प्रकाशन समारंभ साडेसातला संपतो. आठच्या आत लेखकासोबतचा फोटो आणि खाली ‘अप्रतिम! निःशब्द!’ येऊन पडतं. मग निःशब्द झालेला माणूस तीन परिच्छेद लिहितो. पाच तारे, दोन्ही हात जोडलेले. पुस्तक अजून पिशवीतच, पेढ्याच्या पुडीखाली.

अशाच एका समारंभाला सर चक्क पुस्तक वाचून आले. पाहुण्यांनी कादंबरीत ‘मातीचा हुंकार’ ऐकला, अध्यक्षांनी ‘समकालाचा आरसा’ पाहिला. प्रश्न विचारा म्हटल्यावर सर उठले. “पान त्रेचाळीसवर मावशी वारते. पान एकशेबारावर तीच मावशी पोहे करते. हे कसं?” सभागृहात शांतता. पाहुणे पुस्तक चाळू लागले, बहुधा पहिल्यांदाच. लेखकाचा चेहरा पडला. मला सरांचा संताप आला. चार लोकांत असं बोलायचं असतं का?

लेखक मात्र चहाच्या वेळी सरांना कोपऱ्यात घेऊन बसला आणि डायरी मागून घेऊन सगळे शेरे उतरवून घेत राहिला. फोटोवाले ताटकळत उभे. दुसऱ्या आवृत्तीत मावशी पोहे करून, सगळ्यांना वाढून मगच वारली. सरांनी तीही आवृत्ती विकत घेतली. सात द्यायचे होते, पण किंमत शंभराने वाढली होती.

हे सगळं मी आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातलं एक पुस्तक काढून मागचा पुठ्ठा उघडला. आत तारखांची चिठ्ठी. कित्येक वर्षं एकही शिक्का नाही, आणि मग गेल्या महिन्यातला एक ताजा, जांभळा. लेखकाचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. आता ते कोणी घेतही नसेल. “कोणी नेलं नाही तर रद्दीत जातं,” बाई म्हणाल्या. “सर दर सोमवारी बाद करायच्या गठ्ठ्यातली दोन घेऊन जातात. शेवटपर्यंत वाचतात. शिक्का पडला की मला ती पुन्हा कपाटात लावता येतात.”

शेवटच्या कोऱ्या पानावर कोपऱ्यात लाल शाईने साडेसहा होतेच. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये, अशी पाटी सरांच्या डोक्यावरच टांगलेली असते; नियामकांना ती लागू नसावी.

“दोन तुम्हीही न्या ना,” बाई म्हणाल्या, आणि मी नाही म्हणायच्या आत त्यांनी शिक्के मारलेसुद्धा. त्यातली एक कादंबरी सध्या वाचतोय. नायक पहिल्या पानावर मुंबईला जायला बोटीत बसला, तो अजून उतरलेला नाही. भलतीच कंटाळवाणी आहे. पण बंदरावर निरोप द्यायला आलेली त्याची आजी बोटीकडे पाठ करून डब्याचं झाकण उगाच पुन्हा पुन्हा घट्ट लावत राहते, तेवढं एक पान लेखकाने फार बरं लिहिलंय. सरांना विचारायला हवं, त्यांनी ते पाहिलं का.