व्हिप नको, एकी आवर!

राष्ट्रपती निवडण्यात रायगडचा वाटा किती? हिशेब सोपा आहे. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175. पनवेल, कर्जत, उरण, पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड मिळून आमदार सात. झाले 1,225. 2022 साली देशभरातल्या मतांचं मूल्य होतं 10,86,431. म्हणजे हजारात एक आणि वर थोडी चिल्लर.

हे 175 काढलंय 1971 च्या जनगणनेवरून. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव 1981 चं. न्हावा-शेवा बंदर, अटल सेतू, नवी मुंबईचा विमानतळ, दिल्लीच्या त्या वहीत यातलं काहीच घडलेलं नाही. खारघरच्या विसाव्या मजल्यावरचा मतदार तिथे अजून जन्मायचाय. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन घटू नये, म्हणून 1976 आणि 2001 साली घटनादुरुस्ती करून हा आकडा गोठवला. पन्नास वर्षं बर्फात ठेवलेलं म्हावरं ताजं म्हणून विकायला आमच्या अलिबागची कोळीणसुद्धा धजणार नाही.

आता गंमत ऐका. 2022 च्या जून-जुलैत शिवसेना फुटली आणि महाराष्ट्रात एकच प्रश्न उरला: व्हिप कोणाचा? ठाकरेंच्या सुनील प्रभूंचा, की शिंद्यांच्या, म्हणजे आपल्या महाडच्या भरतशेठ गोगावल्यांचा? मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरतशेठांची नेमणूक बेकायदा ठरवली आणि जानेवारी 2024 मध्ये विधानसभा अध्यक्षांनी त्यांचाच व्हिप खरा मानला. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र कोणाचाच व्हिप चालत नाही. मत गुप्त, आमदार मोकळा. आणि 2022 च्याच 18 जुलैला एकमेकांना अपात्र ठरवायला निघालेल्या दोन्ही शिवसेनांचा पाठिंबा एकाच उमेदवाराला, द्रौपदी मुर्मूंना! व्हिप होता तेव्हा फूट, व्हिप नव्हता तेव्हा एकी.

राज्यातला निकाल लागला: मुर्मू 181, यशवंत सिन्हा 98, बाद 4. पेन आयोगाचं, उमेदवार दोन, लिहायचा होता फक्त एकचा आकडा. तरी चौघांचं चुकलं. मतदान कसं करावं हे गावोगाव शिकवणारी हीच मंडळी.

पुढची निवडणूक 2027 च्या जुलैत. नव्या जनगणनेचे आकडे जाहीर होईपर्यंत आपण 175 च्याच भावाने जाणार. 2024 मध्ये सातही आमदार महायुतीचे निवडून आले, त्यामुळे राष्ट्रपतींची चिंता नाही. चिंता पालकमंत्र्यांची. जानेवारी 2025 मध्ये आदिती तटकरेंचं नाव जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली. भरतशेठांनाही तीच खुर्ची हवी होती.

तेव्हा मुख्यमंत्र्यांना एक विनंती. रायगडचा पालकमंत्रीही गुप्त मतदानानेच निवडावा, व्हिपशिवाय. आपल्याकडे एकी तेवढ्यानेच होते. फक्त मतपत्रिकेवर आकडा कसा लिहायचा, ते सातही जणांना आधी नीट समजावून सांगा.