लाईन नको, बिल पाहिजे

मे महिन्यातली दुपार. घड्याळात अडीच. अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या गच्चीवर वाळत घातलेले सांडगे वाळायचे सोडून भाजले जात होते. त्याच गच्चीवर माझी सहा सोलर पॅनलं निळीशार चमकत होती आणि बरोबर त्यांच्या खालच्या खोलीत मी एका जुन्या लग्नपत्रिकेनं वारा घेत बसलो होतो. लाईन गेली होती. (आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. वीज मुंबई-पुण्याकडे जाते.)

"अवो, लाईन गेली तं गेली," घरातून आवाज आला, "पण सूर्य काहून गेला?"

प्रश्न रास्त होता. दोन लाखांच्या घरात खर्च करून मी सूर्याला गच्चीवर कामाला ठेवलं होतं. तो समोर दिसत होता, डोळ्यांत खुपत होता, आणि कूलर मात्र बंद. आदल्या संध्याकाळच्या वादळात कडुलिंबाची एक फांदी तारेवर पडली होती. ती काढायचं काम चालू होतं. माझं सोलर 'ऑन-ग्रिड' जातीचं. बाहेरची लाईन गेली की त्याचा इन्व्हर्टर डोळ्याचं पातं लवायच्या आत स्वतःला मिटून घेतो. त्यामागचं कारण ऐकलं तर भांडताही येत नाही. लाईनमन खांबावर चढून फांदी काढतो आहे आणि माझ्या गच्चीवरची वीज त्याच तारेतून उलटी जाते आहे, असं झालं तर तो माणूस जागच्या जागी जाईल. म्हणून लाईन नाही तर सूर्यही नाही. नियम शहाणा आहे. फक्त तो मला पैसे भरल्यानंतर कळला, आणि घरी अजून पटवून देता आलेला नाही.

पैसे का भरले, तेही सांगतो. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' सुरू झाली. देशातल्या एक कोटी घरांवर सोलर, पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि तीन किलोवॅट किंवा त्याच्यावर कितीही बसवलं तरी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. 'मुफ्त' हा शब्द ऐकला की वऱ्हाडी माणूस सावध होतो, आणि सावध होऊन रांगेत पहिला उभा राहतो. एजन्सीचा पोऱ्या घरी आला, गच्चीवर चढला, मोबाइलवर दिशा पाहिली आणि म्हणाला, "काकाजी, एक किलोवॅट म्हणजे महिन्याला १२० युनिट. तीन बसवा. बिल झिरो." मी शंभर, तीनशे, पाचशेच्या टप्प्यांनी पोळलेला माणूस. उन्हाळ्यात मीटर तीनशेच्या उंबऱ्याशी आलं की आमच्या घरात कूलरच्या चालण्यावर कौटुंबिक बैठक बसते. सही करून टाकली.

पहिलं बिल आलं. युनिट खरंच शून्य होते. खाली रक्कम मात्र होती. स्थिर आकार नावाचा एक पाहुणा तिथं बसलेला होता; तुम्ही वीज वापरा अथवा वापरू नका, तो जेवूनच जातो. तरी एरवीच्या मानानं रक्कम किरकोळ, म्हणून मी आनंदानं भरली.

ही नेट मीटरिंगची व्यवस्था म्हणजे आपली शेजारची उसनवारी. दिवसा माझ्या गच्चीवर जास्तीची वीज झाली की ती वाटीभर बाहेर द्यायची, रात्री आपल्याला लागली की वाटीभर परत आणायची. हिशेब मीटर ठेवतं. ३१ मार्चला माझ्याच वाट्या जास्त निघाल्या, तर त्यांचे पैसे मिळतात, पण आपण विकत घेतो त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी भावानं. वाण्याकडून साखर घ्यायचा भाव एक आणि त्याला उरलेली परत करायचा भाव दुसरा. त्यात नवीन काही नाही. आमच्या कापसाचं तेच आहे.

आमचे साडूभाऊ अकोल्याचे. तापमानाच्या बाबतीत अकोलेकर अमरावतीकराला पुढं जाऊ देत नाही. पेपरात आमचा आकडा ४५ आला की त्यांचा फोन येतो, "आमच्याकडे साडेपंचेचाळीस." त्यांना वाटलं, ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, आता अकोला आख्ख्या महाराष्ट्राला पोसणार. त्यांना सांगताना मला फार आनंद झाला की पॅनलला उजेड पाहिजे, तापणं नको. त्याच्यावर लिहिलेली ताकद २५ अंशांवर मोजलेली असते. २५ अंश म्हणजे आमच्याकडे पौषातलं कोवळं ऊन. मे महिन्यात स्लॅबवरचं पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला त्याची साधारण एक तृतीयांश टक्का ताकद गळते. म्हणजे १३-१४ टक्के तर निव्वळ घाम. साडूभाऊ जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मंग आमचे तुमच्यापेक्षा जास्त गळत असतीन." पैज त्यांनीच जिंकली.

आता शेजारचे मास्तर. निवृत्त भूगोल शिक्षक. मी सही केली त्याच महिन्यात त्यांनीही सोलर घेतलं, पण 'ऑफ-ग्रिड'. तारेशी संबंधच नको. अनुदान फक्त तारेला जोडलेल्यांना मिळतं, हे एजन्सीच्या पोऱ्यानं त्यांना तीनदा सांगितलं. मास्तर म्हणाले, "चाळीस वर्षं मी सूर्याचं टाइमटेबल शिकवलं. एक दिवस बदललं नाही त्यानं. बाकी कोणाच्या टाइमटेबलवर माह्या भरवसा नाही."

त्यांचं दुखणं जुनं आहे. भारनियमनाच्या काळात दहावीचे तास त्यांनी कंदिलावर घेतले. एकत्र कुटुंबात थोरल्या भावानं धान्याच्या कोठीची किल्ली कमरेला लावून ठेवावी, तशी तेव्हा लाईनची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती. मास्तरांनी तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस चूल वेगळी मांडायची. तसं पाहिलं तर वीज मंडळाचीही २००५ साली वाटणी झालीच: एक भाऊ वीज तयार करतो, दुसरा वाहून नेतो, तिसरा घरोघरी वाटतो आणि तिघांच्या डोक्यावर एक सूत्रधारी कंपनी आहे. राजापेठेत आजही कोणी 'महावितरण' म्हणत नाही. म्हातारा गेला तरी वाडा त्याच्याच नावानं ओळखतात, तसं सगळे 'एमएसईबी'च म्हणतात.

मास्तरांनी गणित मांडलं. घराला दिवसाला दहा युनिट लागतात. १५० एएचच्या एका बॅटरीत १.८ युनिट मावतात, पण तिला निम्म्याच्या खाली पिळायचं नसतं, म्हणजे हाती ०.९. एका रात्रंदिवसासाठी अकरा-बारा बॅटऱ्या. आणि श्रावणात झड लागली, दोन-तीन दिवस सूर्य दिसलाच नाही तर? वही इथं मिटली गेली. बारा बॅटऱ्या आल्या. त्यांना मागची खोली दिली, ज्या खोलीसाठी धाकट्या मुलानं पाच वर्षं अर्ज केला होता.

त्या दिवसापासून मास्तरांच्या घरात भिंतीवर वेळापत्रक लागलं. बोअरची मोटर ११ ते १२. इस्त्री १२ ते १. मिक्सर सूर्यास्तापूर्वी; त्यानंतर चटणीची आठवण झाली तर पाटा-वरवंटा आहे. मास्तरीणबाई म्हणतात, "लग्न झालं तवा सासूबाईचा धाक होता. आता बॅटरीचा हाये." दर पंधरवड्याला बॅटऱ्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजावं लागतं. खोलीत कूलर लावला तो माणसांसाठी नाही, बॅटऱ्यांसाठी, कारण दर दहा अंश तापमान वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चार-पाच वर्षांची तिची जिंदगानी. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा. मागच्या पोळ्याला मास्तरांनी बॅटऱ्यांना हळद-कुंकू लावलं. काय चुकलं? राबतात तर त्याच.

वर धूळ आहेच. पंधरा दिवस पॅनल पुसलं नाही तर त्याच्यावर वांगी लावता येतील. गाडगेबाबांची समाधी ज्या गावात, तिथं झाडू हातात घ्यायला लाजायचं कारण नाही, म्हणून आम्ही दोघं रविवारी सकाळी आपापल्या गच्चीवर फडकं मारतो. भांडणं तेव्हाच होतात.

"तुम्ही परावलंबी," मास्तर म्हणतात.

"तुम्ही बॅटरीचे गडी," मी म्हणतो.

दोन्ही खरं आहे. झडीत मास्तर इस्त्रीचे कपडे घेऊन आमच्याकडे येतात. लाईन गेली की आम्ही त्यांच्या ओसरीवर. त्या मे महिन्यातल्या दुपारीही तेच झालं. लग्नपत्रिका ठेवून दिली आणि तिकडं गेलो. अर्धी गल्ली आधीच पंख्याखाली होती. कोणीतरी गिला वडा आणला होता. माझा चुलतभाऊ मोर्शीकडून आलेला, तोही माझ्यासोबत होता. त्याच्या संत्र्याच्या बागेत सोलर पंप आहे, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला, दहा टक्के स्वतःचे भरून घेतलेला. आमचा वाद त्यानं वडा संपेपर्यंत ऐकला.

"तुमची गंमत हाये राजेहो," तो म्हणाला. "मी तारेचा अर्ज केला होता, मले सूर्य भेटला. तुमच्या दारात तार हाये तं तुम्ही सूर्य मांगता."

रात्री-अपरात्री साप-बिबट्याच्या भीतीनं मोटर सुरू करायला जाणं सुटलं, हे तो कबूल करतो. दिवसा पाणी मिळतं. पण ढग असले की मिळत नाही आणि पंपाच्या विजेवर घरचा दिवाही लागत नाही. वर मेळघाटात जंगलातल्या काही गावांनी सोलर दिव्यांवर वर्षं काढली. तिथं तार न्यायची तर आधी जंगलाची परवानगी लागते. त्या गावांना 'ऑफ-ग्रिड' हा शब्द कोणी शिकवला नव्हता. ती 'लाईन पाहिजे' एवढंच म्हणत होती. आणि आपल्या जिल्ह्यात नांदगाव पेठेला १,३५० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, शेजारी अकोला जिल्ह्यात पारसला ५०० मेगावॅटचं! कोळशाचं आगीनघर दारात आणि आम्ही आरशानं ऊन पकडतो आहोत.

भाऊ बोलत होता तेवढ्यात टपाल आलं. मास्तरांच्या नावाचं एक पाकीट आणि त्यासोबत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, एक लाईट बिल. युनिट शून्य. स्थिर आकार पूर्ण.

ओसरी शांत झाली. पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला.

"मास्तर, तुम्ही तं तार तोडली होती नं?"

मास्तरांनी चष्मा पुसला. तार तोडायचा विचार त्यांनी शंभरदा केला. पण गॅसचं कनेक्शन नावावर करायचं, नातीच्या शाळेचा प्रवेश, बँकेतलं केवायसी, मुलाचा पासपोर्ट, प्रत्येक खिडकीवर एकच मागणी: लाईट बिलाची झेरॉक्स. "मी सूर्यावर चालतो हो," मास्तर म्हणाले, "पण मी राजापेठेत राह्यतो याचा पुरावा सूर्य देत नाही नं."

वेगळे निघालेल्या भावानं चूल, भांडी, दार, सगळं वेगळं करावं आणि रेशनकार्डावरचं नाव तेवढं थोरल्याकडंच ठेवावं, तसं हे. मी हसलो नाही. माझं तरी कुठं वेगळं आहे? मी तारेला मिठी मारून स्वावलंबी झालो आणि मास्तर महिन्याला भाडं भरून स्वतंत्र. निवड दोघांनीही केली नाही. दोघांनी दोन्ही घेतलं आणि दोघं दोन्हींचे पैसे भरतो.

संध्याकाळी सातला लाईन आली. तोपर्यंत सूर्य गेला होता.

तरी, राजेहो, तुमचा विचार चालू असेल आणि सल्ला विचारायला कोणी नसेल, तर एवढंच सांगतो. लाईन वरचेवर जात नसेल तर ऑन-ग्रिड घ्या, अनुदान घ्या, आणि एक हातपंखा घ्या. मळ्यात राहत असाल आणि तार लांब असेल तर बॅटऱ्या घ्या, पण मुलांना खोलीचं आधी सांगा. आणि राजापेठेत असताना लाईन गेलीच, तर मास्तरांच्या ओसरीवर या, जागा होते. येताना डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन आणा.