उरलेले अडीचशे मीटर

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. त्यातले साडेपाचशे पुणेकराला जन्मतःच मिळालेले असतात. उरलेल्यांसाठी तो पहाटे पाचला उठून आठ-दहा हजारांचे ट्रेलचे बूट चढवतो. मुरूम पूर्वीसारखाच घसरवतो. आता किती वेगाने घसरलो, हेही घड्याळ सांगतं. जुन्या खाणीला वळसा, वेताळबाबाला धावता नमस्कार (थांबलं की सरासरी बिघडते), की फेरी पुरी. तेवढ्यात कॅनव्हासच्या बुटांतले सत्तरीचे काका गप्पा मारत पुढे निघून जातात. त्यांचा चढ कुठे नोंदला जात नाही, म्हणजे तो झालाच नाही असं धरायचं.

एवढी चढाची हौस, तर मंडळी पायथ्यापासून पळत येत असतील? छे! बरीचशी गाडीने एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने वर येतात आणि पार्किंगवरून भांडतात. महापालिकेला इथून बालभारती-पौड फाटा रस्ता काढायचाय, बोगदेही सुचवून झालेत. विरोधात सह्या करायला धावपटू पुढे असतात. सभेला मात्र उशीर होतो; पौड रस्त्यावर ट्रॅफिक फार.