पंक्चरचा पंचनामा

घरापासून दूर, अनोळखी मुलखात सायकलचे चाक बसले असता मनुष्याला प्रथम आठवण होते ती पंपाची, मागाहून तो पंप उसना नेणाऱ्या शेजाऱ्याची आणि सर्वांत शेवटी परमेश्वराची. परंतु दापोली तालुक्यातील मुरुड गावी हा प्रसंग ओढवल्यास या तिघांच्याही आधी तात्या हजर होतात. तात्या ही कोणी एकच व्यक्ती आहे असा समज मात्र वाचकांनी करून घेऊ नये. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर, दर दहा-बारा गडग्यांआड, एक तरी तात्या पडवीतल्या झोपाळ्यावर अडकित्ता घेऊन बसलेला असतोच. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीत हयात घालवून, पेन्शन आणि सुपारी यांवर निर्वाह करीत, अजून एखादे प्रकरण आपल्या हाती यावे या आशेवर तो दिवस कंठीत असतो. आणि बाहेरगावच्या इसमाचे फुसफुसणारे चाक म्हणजे त्याच्या लेखी आपण होऊन चालत आलेली फिर्यादच होय.

माझी फिर्याद कर्द्याहून येताना, दुर्गादेवीच्या देवळाच्या थोडे अलीकडे दाखल झाली. ‘पंक्चर झाली काय?’ असे तात्यांनी मुळीच विचारले नाही. तो निष्कर्ष झाला, आणि जबानीपूर्वी निष्कर्ष काढणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते.

“कुठले तुम्ही? पुण्याचे? हं. वाळूतून आलात की सडकेने? हवा शेवटची कोणी भरली? त्या वेळी हजर कोण होते?”

माझी उत्तरे असमाधानकारक ठरल्यावर चाक काढण्याचा हुकूम सुटला. तो अंमलात अर्थातच मी आणला. टायर कडेवरून उतरवायला पाना मिळेना, तेव्हा माजघरातून दोन कालथे आले, आणि त्यांच्या मागोमाग “कालथे परत येऊ देत हो!” असा कायदेशीर इशाराही आला. विजेचा पंप आल्यापासून बेकार झालेल्या रहाटाच्या दोणीत ट्यूब बुडवताच बुडबुड्यांची एक सुबक माळ वर आली. तात्यांनी टायरच्या आतून बोट फिरवून करवंदीचा काटा हुडकला आणि मुद्देमाल म्हणून तो झोपाळ्याच्या पाटावर, सुपारीच्या खांडांपासून सुरक्षित अंतरावर, ठेवला.

येथवर सारे यथासांग झाले. परंतु खरा गुन्हेगार काटा नव्हे, असे तात्यांचे मत पडले. भरीव रबराची चाके कधी पंक्चर होत नसत. 1888 साली बेलफास्टच्या डनलॉप नामक पशुवैद्याने स्वतःच्या मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली, तेथून ही सारी आपत्ती. “गुरांचा वैद्य गुरांपाशी राहता, तर आज तुम्ही असे दोणीपाशी बसला नसता!” डनलॉपच्याही पूर्वी, 1845 साली, थॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, ही गोष्ट मला ठाऊक होती, परंतु आरोपींची संख्या वाढवून तपास लांबवण्यात माझे हित नसल्याने मी मौन पाळले.

मग बिस्किटांच्या गंजक्या डब्यातून सोल्यूशनची नळी निघाली. आतील ऐवज लाखेसारखा घट्ट झाला होता. मी दापोलीपर्यंत सायकल ढकलीत नेण्याची भाषा काढताच तात्या चवताळले. “अहो, अण्णासाहेब कर्वे याच गावचे! परीक्षेसाठी पायी साताऱ्यास गेले, शंभराहून अधिक मैल! आणि तुम्ही बारा-तेरा किलोमीटरांना तोंड वाकडे करता?” वयाने लहान दिसतात म्हणून त्या परीक्षेस कर्व्यांना बसूच दिले नव्हते, हा उत्तरार्ध तात्यांनी दप्तरी दाखल केला नाही. शिवाय कर्वे सायकल ढकलीत गेले नव्हते, हा मुद्दाही माझ्या जिभेवर आला होता. पण कालथे अद्याप त्यांच्या ताब्यात होते.

अखेर तोडगा निघाला. जेथे भोक होते तेथे ट्यूब दुमडून, तो दुमडलेला भाग तात्यांनी सुंभाने असा करकचून आवळला की बोरन्हाणातल्या पोरासारखे त्या ट्यूबचे तोंड झाले. हवा राहिली! मात्र गाठीच्या जागी चाकाला आवाळू आले. अठ्ठावीस इंची चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर चालते. त्या हिशेबाने दापोलीपर्यंत साडेपाच हजार धक्के माझ्या वाट्यास होते, आणि पहिल्या दोन-तीनशेंचा जमाखर्च मी प्रामाणिकपणे ठेवलाही.

आसूदचा चढ लागण्यापूर्वी एका बेड्याशी पायरीवर बसलेले, हाती अडकित्ता असलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या लंगड्या चाकाकडे टक लावून पाहू लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवले, वाकून टायरावरचे टेंगूळ निरखले, आणि गंभीरपणे विचारले,

“हे सुंभ कोणी बांधले?”

प्रकरण अपिलात गेले होते. मी सायकल गडग्याला टेकवली आणि जबानी द्यायला बसलो.