धूर कुठला, दुखणं कुठलं

बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात ट्रक चालू होत नसेल तर मेस्त्री शोधत हिंडावं लागत नाही. बॉनेट उघडायचं आणि गप्प उभं राहायचं; मेस्त्री आपोआप जमतात. या भागाला यंत्राचं वेड जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच. पुढं १९१० मध्ये ते कारखाना घेऊन किर्लोस्करवाडीला गेले, पण सल्लागार बहुधा सगळे इथंच राहिले.

आमच्या मामांचा जुना टाटा १२१० या सल्लागारांचा लाडका पेशंट होता. कधी निपाणीची तंबाखू, कधी संकेश्वरी मिरची, असा त्याचा आयुष्यभराचा तिखट-कडू धंदा. थंडीत पहाटे सेल्फ मारला की नुसता घुरघुरायचा, चालू म्हणून व्हायचा नाही. शेवटी पांढरे भपकारे टाकत एकदाचा उठला की दिवसभर तक्रार नाही; फक्त तवंदी घाट लागला की मागं काळाकुट्ट धूर. मागून येणारे मोटारसायकलवाले आमच्या घराण्याचा उद्धार करत पुढं जायचे.

दुखणं एक आणि निदानं दोन राज्यांची. कागलकडचा मेस्त्री म्हणाला, "स्वस्त म्हणून कर्नाटकातलं डिझेल भरताय, मग दुसरं काय होणार?" संकेश्वरकडच्यानं इंजिनाकडे न बघताच विचारलं, "मागचं काम कोल्हापुरात केलंय न्हवं? मग बरोबर हाय." महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; मामांना वाटायला लागलं, आपला ट्रकही आता तिथंच न्यावा लागणार. एका बाबतीत मात्र दोन्ही राज्यांचं एकमत होतं: इंजिन खोलून हाफ इंजिनचं काम करावं लागेल.

चहाच्या टपरीवरचे निवृत्त गुरुजी त्या मानानं उदार. ते म्हणाले, "प्लग बदला की!" आता डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतोच. सिलिंडरमधली हवा सतरा-अठरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तीत नोजलमधून डिझेलचा फवारा उडाला की तो आपसूक पेटतो. मी हे सगळं हातवारे करून समजावलं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तो दाबणारा प्लग बदला."

गुरुजींना तरी काय बोलायचं? खुद्द रुडॉल्फ डिझेल यांना पेटंट मिळालं १८९३ मध्ये आणि धड चालणारं इंजिन दाखवता आलं १८९७ मध्ये. चालू व्हायला चार वर्षं! मामांची गाडी एवढी वाईट कधीच नव्हती.

खरं म्हणजे विडीच्या तंबाखूवर उभ्या राहिलेल्या निपाणीसारख्या गावाला तरी धुराची भाषा कळायला हवी, आणि ती अवघडही नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी: एअर फिल्टर तुंबलेला, नोजल ठिबकतोय, पंपाची सेटिंग हललेली, नाहीतर मालकानं पासिंगपेक्षा जास्त माल लादलाय. या शेवटच्या बिघाडाला स्पेअर पार्ट मिळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह गाइड गेले, आता खिशाला हात घाला. पांढरा म्हणजे डिझेल आत पोचलं पण नीट पेटलं नाही: इंजिन गार, कॉम्प्रेशन कमी, नाहीतर टायमिंग मागं पडलेलं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट बघायचं.

पण बेळगावात एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं चौथाच प्रश्न विचारला. "मालक, सेल्फ मारताना पहिल्यांदा कुठला धूर येतोय?"

"पहिल्यांदा येतच नाही," मामा म्हणाले.

"मग इंजिन कशाला खोलताय? ताटात वाढलंच न्हाई आणि पोट बिघडलं म्हणताय!"

हे निदान मला आजही डॉक्टरी पुस्तकात घालण्याच्या लायकीचं वाटतं. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. त्यानं टाकीची लाइन सोडवली, डिझेलचा कॅन इंजिनाच्या वर टांगला, त्यातून फीड पंपाला पाइप जोडला, हँड प्रायमर मारून हवा काढली आणि रात्रभर गाडी तशीच ठेवली. सकाळी पहिल्या सेल्फला चालू! म्हणजे दोष टाकी आणि फीड पंपाच्या मधे. तिथला रबरी पाइप तडकला होता. त्यातून हवा शिरायची, रात्रभरात लाइनमधलं डिझेल परत टाकीत उतरायचं आणि पहाटे पंप नुसती हवा ओढत बसायचा. डिझेल गळत असतं तर खाली डाग तरी दिसला असता. आत शिरणाऱ्या हवेचा डाग कुठं पडतो?

घाटातल्या काळ्या धुराचा गुन्हेगार वेगळाच निघाला. एअर फिल्टरच्या ऑइलबाथमध्ये तेल कमी आणि गोदामातली तंबाखूची धूळ जास्त. वर्षानुवर्षं निपाणीचा माल वाहून इंजिनालाही व्यसन लागलं होतं. मेस्त्रीनं फिल्टरचं भांडं धुतलं, नवं तेल घातलं आणि पाइप व तांब्याच्या वॉशरांचे पैसे घेतले. दोन राज्यांनी मिळून सांगितलेल्या हाफ इंजिनच्या खर्चात असे पाइप ट्रकभर आले असते.

तेव्हा वाचकहो, गाडी पहाटे रडत असेल तर सल्ला ऐकण्याआधी एकाला सेल्फ मारायला बसवा आणि स्वतः सायलेन्सरच्या मागं जाऊन उभे राहा. जरा बाजूला उभे राहा, म्हणजे झालं.