नऊ बारचे भाऊ

म्हसावदला कोणाला घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं झालं, तर आधी भाऊंना विचारावं लागतं. भाऊंकडे मशीन नाही, वही आहे. बाजारात मिळणाऱ्या मशीनचे वॅट, वजन आणि वॉरंटी तीत रकाने पाडून लिहिलेले आहेत.

भाऊ पुण्याला इंजिनिअरिंग करून पपईकडे परतलेल्यांपैकी. अशांचं गावात सगळं जमतं, कॉफीचं तेवढं जमत नाही. इथे कॉफी म्हणजे पावडर-साखर फेटून वर ओतलेलं म्हशीचं दूध, आणि एस्प्रेसो म्हणजे लग्नात फुसफुसणाऱ्या मशीनखालचा, चॉकलेटची पूड भुरभुरलेला फेस. भाऊ तो पितात, पण तोंड असं करतात की यजमान दचकून कपात डोकावतो.

"१८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद, नऊ बार दाब," भाऊ ओट्यावर बसून सांगतात. "खोक्यावरचे १५ नि २० बार म्हणजे पंपाची शेखी. पुडीवर नऊच लागतात." त्यांचे आप्पा यावर एकदाच बोलले. "नऊच? आपला फवारणीचा एचटीपी वीस सहज काढतो. त्यालाच चाळणी बसव." भाऊंनी रागवायला हवं होतं. ते विचारात पडले.

सुरुवातीला सगळं दहा हजारांत बसत होतं. मग कळलं की स्वस्त मशीनला दुहेरी तळाची जाळी असते; तिच्यात कशीही पूड घाला, फेस येतो. हा फेस भाऊंना लग्नातल्या फेसाच्या घराण्यातला वाटला. साध्या जाळीला बारीक, एकसारखी पूड लागते, म्हणजे चांगला ग्राइंडर आला, म्हणजे मशीनइतकेच पैसे आणखी. पुढे जाळी ५१ मिलिमीटरची की ५८ची? बोअरच्या जड पाण्याने बॉयलरमध्ये क्षार धरला तर? शिवारातल्या मोटारी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज बसतं, त्याचं काय? बिघडलं तर सुरतेला न्यायचं की नाशिकला? व्होल्टेजलाच चार पानं गेली आहेत.

वहिनींनी मोका पॉट सुचवला. इटलीत १९३३ साली निघालेलं साधं भांडं, गॅसवर ठेवायचं, विजेची कटकट नाही. "दीड बार," भाऊ म्हणाले, आणि वहिनींनी चहाचं आधण ठेवलं.

कॉफीच्या बियांबद्दल मात्र भाऊ उदार आहेत. चिखलदऱ्याला कॉफी पिकते, तोही सातपुडाच, तोही हजार मीटरच्या वर. मग आपल्या तोरणमाळला का पिकू नये? मशीन आलं नाही तोवर मळ्याची आखणी झाली आहे.

"पपईचा भाव ठरला की ऑर्डर टाकतो," हे त्यांचं कायमचं उत्तर. शहादा भागात भावावरून शेतकरी आणि व्यापारी अडून बसणं नवं नाही, त्यामुळे ही मुदत फार सोयीची आहे. भाव पडला तर पैसे नाहीत. भाव चढला तर बजेटही चढतं, आणि वरच्या किमतीतल्या मशीनांची तुलना पहिल्यापासून सुरू होते.

त्यांच्या सल्ल्याने धडगावच्या एका गुरुजींनी आणि शहाद्याच्या एका डॉक्टरांनी मशीन घेतलंसुद्धा. भाऊ रविवारी तिथे जातात, घोट घेऊन डोळे मिटतात आणि म्हणतात, "चार सेकंद आधी थांबवायला हवं होतं." डॉक्टर हल्ली रविवारी गावात नसतात.

परवा एका लग्नात भाऊ फेसवाल्या मशीनजवळ बराच वेळ रेंगाळले. पंगत उठली, वऱ्हाड निघायला लागलं, तरी हलेनात. शेवटी चालवणाऱ्या पोराला त्यांनी हळूच विचारलं, "बॉयलर पितळेचा का रे? जुनं विकत असेल तुझा मालक?"

पोराने नंबर दिला. वहीत आता 'सेकंडहँड' नावाचा नवा विभाग उघडला आहे.